कॉस्ट शीटवरचे शब्द: रेरा कार्पेट, सेलेबल, एन्क्लोज्ड बाल्कनी, 'प्रोव्हिजन'... नेमका अर्थ काय?

नवखा_खरेदीदार

पुणे महापालिकेच्या हद्दीत, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत २ बीएचके घ्यायचा विचार आहे. मजला ११वा. बिल्डरच्या ऑफिसातून मिळालेल्या कॉस्ट शीटवर पुढील मजकूर आहे:

रेरा कार्पेट ५८.४० चौ. मी., एन्क्लोज्ड बाल्कनी ५.२० चौ. मी., ड्राय बाल्कनी २.६० चौ. मी., सेलेबल ९९० चौ. फूट, लोडिंग ३९ टक्के. अॅग्रीमेंट व्हॅल्यू ७२ लाख. त्यात फ्लोअर राइज धरलेला आहे. याशिवाय जीएसटी, स्टॅम्प ड्युटी, लीगल चार्जेस, सोसायटी फॉर्मेशन, २ वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स. इमारत 'जी+२पी+१४'. सोबतच्या पत्रकात 'ब्रँडेड सी.पी. फिटिंग्ज', 'प्रोव्हिजन फॉर एसी, गीझर अँड इन्व्हर्टर', 'मिवान कन्स्ट्रक्शन', 'वन कव्हर्ड पार्किंग'.

प्रश्न तीन. (१) यातलं खरं घर किती फुटांचं? (२) रेरा कार्पेट ६० चौ. मी.च्या आत आहे, मग जीएसटी १ टक्का लागायला हवा ना? ऑफिसात ५ टक्के सांगतात. (३) बुकिंगचा चेक देण्याआधी यातल्या कोणत्या शब्दांचा खुलासा लेखी मागून घ्यावा?

फूटपट्टी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. आधी सगळं एकाच मापात आणा. १ चौ. मी. म्हणजे १०.७६४ चौ. फूट. म्हणजे तुमचं रेरा कार्पेट झालं ६२८.६ चौ. फूट, एन्क्लोज्ड बाल्कनी ५६, ड्राय बाल्कनी २८. तिन्ही मिळून ६६.२० चौ. मी., म्हणजे साधारण ७१२.६ चौ. फूट. पाय ठेवायला मिळणारी जागा एवढीच.

रेरा कार्पेटची व्याख्या २०१६च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन आणि विकास कायद्यात आहे. घराच्या आतली वापरण्याजोगी जमीन धरायची. बाहेरच्या भिंतींखालची जागा, डक्ट, आणि फक्त तुमच्याच वापराची बाल्कनी, व्हरांडा किंवा गच्ची वगळायची. घरातल्या आडभिंतींखालची जागा मात्र धरायची. हे शेवटचं वाक्य लोक विसरतात. मग टेप घेऊन प्रत्येक खोली मोजतात, बेरीज करतात आणि २०-२५ फूट कमी भरले की फसवलं म्हणून बसतात. २ बीएचकेत आतल्या भिंतींची एकूण लांबी १८ मीटर आणि जाडी सरासरी १२५ मि.मी. धरली, तर त्या भिंतीच २.२५ चौ. मी., म्हणजे २४ चौ. फूट खातात. ते रेरा कार्पेटमध्ये मोजलेलेच असतात. पॅसेज आणि दाराच्या चौकटीखालची जागाही बेरजेत घ्या.

'बिल्टअप' म्हणजे कार्पेट अधिक बाहेरच्या भिंती, आणि बहुतेक ठिकाणी बाल्कनीसुद्धा. 'सुपर बिल्टअप' किंवा 'सेलेबल' म्हणजे त्यात जिना, लिफ्ट, लॉबी, क्लब हाऊस यांचा वाटा मिसळून आलेला आकडा. सेलेबलला रेरा कायद्यात व्याख्या नाही, त्यामुळे तो किती असावा याला काही धरबंधही नाही.

आता लोडिंग, म्हणजे सेलेबल काढायला वर चढवलेली वाढ, ३९ टक्के कुठून आली ते बघा. ७१२.६ वर ३९ टक्के चढवले की ९९० येतात. तेच ९९० रेरा कार्पेटवर तपासले तर लोडिंग ५७ टक्के निघतं. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फरक फक्त पायाचा. म्हणून दोन प्रकल्पांची तुलना करताना 'तुमचं लोडिंग किती?' हा प्रश्नच विचारू नका. त्याऐवजी दर काढा:

७२ लाख भागिले ९९० = ७,२७३ रुपये फूट (जाहिरातीतला दर)
७२ लाख भागिले ७१२.६ = १०,१०४ रुपये फूट (बाल्कन्यांसह)
७२ लाख भागिले ६२८.६ = ११,४५४ रुपये फूट (रेरा कार्पेट)

शेजारच्या प्रकल्पात सेलेबलचा दर ६,९०० असेल आणि रेरा कार्पेटचा १२,०००, तर तो स्वस्त नाही, महाग आहे.

फ्लोअर राइजही, म्हणजे वरच्या मजल्यासाठीचा जादा दरही, याच कसोटीला लावा. समजा ५व्या मजल्यापासून दर मजल्याला फुटामागे २० रुपये. ११व्या मजल्यासाठी ७ मजल्यांचे १४० रुपये. ते ९९० फुटांवर लावले तर १,३८,६०० होतात, ६२८.६ वर लावले तर ८८,००४. वाटाघाटीला इथे जागा असते, कारण हा आकडा कुठल्याच कायद्यातून आलेला नाही.

नवखा_खरेदीदार

धन्यवाद. एन्क्लोज्ड बाल्कनी म्हणजे हॉलचाच भाग का? नकाशात हॉल १० बाय १६ दाखवला आहे, बाल्कनी वेगळी दिसतच नाही.

ओळंबा

नाही, आणि जपून राहायची जागा हीच. दोन नकाशे समोर ठेवा: विक्रीचं रंगीत पत्रक आणि महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याच्या राज्यातल्या नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर चढवलेला मंजूर नकाशा. मंजूर नकाशात बहुधा हॉल १० बाय १३ असेल आणि पुढे ३ फुटांची पट्टी 'बाल्कनी' म्हणून. पत्रकात मधली रेघ पुसून दोन्ही एक केलेले असतात. जागा वापरायला मिळते हे खरं. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, मधल्या रेषेवर वर बीम येतो. तो छताखाली ९ ते १२ इंच लोंबतो आणि हॉल दोन तुकड्यांत दिसतो. पत्रकातल्या चित्रात बीम नसतो. दोन, बाल्कनीचा स्लॅब बऱ्याचदा एका बाजूनेच धरलेला असतो, ज्याला कॅन्टिलिव्हर म्हणतात. त्याच्या टोकाला विटांचा ओटा, मोठी कुंडी-वाफे किंवा दगडी बैठक करायची नाही. तीन, बाल्कनी बंद करणं मंजूर नकाशात दाखवलेलं असेल तरच ते अधिकृत. ताबा मिळाल्यावर आपण कठडा पाडून खिडकी लावली तर ते विनापरवाना बांधकाम ठरतं.

मुंबई आणि मोजके अपवाद सोडून राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियमावली लागू झाली. तिने बाल्कनीही एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येतं त्याच्या, हिशेबात आणली. त्यामुळे नव्या मंजुऱ्यांमध्ये बाल्कनीवरून होणारा खेळ कमी झाला. जुन्या मंजुरीचा प्रकल्प असेल तर मात्र नीट बघा.

ड्राय बाल्कनी म्हणजे स्वयंपाकघराला लागून धुणं-भांड्यांची जागा. 'ड्राय' हे नाव फसवं आहे, घरातली सगळ्यात ओली जागा तीच. तुमची २.६० चौ. मी. आहे, म्हणजे बहुधा ३ फूट बाय ९ फूट. पुढून उघडणारं वॉशिंग मशीन ६०० मि.मी. रुंद असतं, खोलीही ५५० ते ६००, आणि मागे पाइपसाठी आणखी ५० ते १०० लागतात. दार ७५० मि.मी.चं लिहिलेलं असतं, पण चौकट आणि पाखं उघडल्यावर मधलं मोकळं अंतर ६५० च्या आसपास राहतं. मशीन आत जातं, पण पॅकिंगसकट जात नाही. नळ, सांडपाण्याचा वेगळा ट्रॅप आणि १६ अँपिअरचा सॉकेट, तिन्ही एकाच कोपऱ्यात आहेत का तेही बघा. सॉकेट एका टोकाला आणि नळ दुसऱ्या टोकाला असा प्रकार सर्रास असतो.

आता 'प्रोव्हिजन'. पत्रकातला सर्वांत महाग शब्द हाच. प्रोव्हिजन म्हणजे वस्तू नाही, वस्तूसाठी सोडलेली सोय. ती सोय किती, ते कुठेही लिहिलेलं नसतं.

गीझरची प्रोव्हिजन: वीज पॉइंट आणि गरम-गार पाण्याच्या लाइन्स. गीझर आपला. गरम पाण्याची लाइन बेसिनपर्यंत आहे की फक्त शॉवरला, हे विचारा.

एसीची प्रोव्हिजन: बऱ्याच ठिकाणी फक्त सॉकेट. भिंतीतून तांब्याची नळी न्यायला भोक, पाणी निचऱ्याची नळी, आणि बाहेरचं युनिट ठेवायला पोचता येईल असा कट्टा, या तीन गोष्टी नसतील तर ती प्रोव्हिजन अर्धीच. ११व्या मजल्यावर दोरीला लटकून युनिट बसवावं लागलं तर दर सर्व्हिसिंगला तोच प्रश्न.

इन्व्हर्टरची प्रोव्हिजन: दिवे-पंख्यांची वायरिंग डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या वीज वाटपाच्या पेटीत, वेगळी काढलेली हवी. ती नसेल तर नुसता कोपऱ्यातला सॉकेट काही कामाचा नाही. 'जनरेटर बॅकअप' वाचलं तर तो लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांपुरता की घरातही, आणि घरात असेल तर किती वॉट, हे लिहून घ्या.

'सी.पी. फिटिंग्ज' म्हणजे क्रोमियमचा मुलामा दिलेले नळ, शॉवर, कॉक वगैरे. 'सॅनिटरीवेअर' म्हणजे चिनी मातीचं सामान: कमोड, बेसिन. 'ब्रँडेड' हा शब्द निरर्थक आहे, कारण कुठला ना कुठला ब्रँड असतोच. करारनाम्याच्या परिशिष्टात कंपनी आणि मालिका दोन्ही हव्यात. शेवटी 'किंवा समतुल्य' असं असतंच, पण समतुल्य कशाशी ते तरी ठरतं.

मिवान म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतायची पद्धत. त्या भिंती काँक्रीटच्या असतात, विटांच्या नाहीत. काम सरळ येतं, प्लॅस्टरच्या भेगा कमी, गळतीचे सांधे कमी. पण भिंत फोडायची नाही, खाचही मारायची नाही. ती इमारतीचं वजन वाहते. म्हणजे स्विच, एसीचं भोक, स्वयंपाकघरातल्या चिमणीचा पाइप, वॉटर प्युरिफायरचा पॉइंट हे सगळं ओतायच्या आधी ठरलेलं असतं. दोन खोल्या एक करायचा विचार असेल तर मिवानची इमारत घेऊच नका. ज्या इमारतीत हलके एएसी ब्लॉक, म्हणजे हवेची छिद्रं असलेल्या काँक्रीटच्या विटा, आहेत तिथे भिंत हलवता येते, पण जड कपाट टांगायला साधा प्लग टिकत नाही, लांब नायलॉनचे अँकर लागतात.

कागद_आधी

जीएसटीचं: ऑफिसवाले बरोबर सांगतायत. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या घराला परवडणाऱ्या गटात १ टक्का, बाकी ५ टक्के. परवडणाऱ्या गटाला दोन अटी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात: क्षेत्रफळ आणि ४५ लाखांपर्यंत किंमत. क्षेत्रफळाची मर्यादा मुंबई महानगर क्षेत्रासारख्या ठरवलेल्या महानगरांत ६० चौ. मी. आणि इतरत्र ९०. गंमत म्हणजे त्या यादीत पुणे नाही, म्हणजे तुम्हाला ९० ची मर्यादा लागू. पण किंमत ७२ लाख, त्यामुळे ५ टक्केच, ३,६०,०००. भोगवटा प्रमाणपत्र आल्यानंतर घेतलेल्या घराला जीएसटी नाही. आगाऊ मेंटेनन्सवर बिल्डर साधारणपणे १८ टक्के लावतात, तो वेगळा.

स्टॅम्प ड्युटी पुणे मनपा हद्दीत एकूण ७ टक्के, म्हणजे ५,०४,०००. घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्याच नावावर असेल तर १ टक्का सवलत. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. ड्युटी करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरने येणाऱ्या किमतीवर, जी जास्त असेल तिच्यावर. रेडी रेकनर म्हणजे सरकारचा वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता. तो चौ. मीटरवर आणि बिल्टअप धरून चालतो, म्हणून रेरा कार्पेटशी थेट गुणाकार करू नका.

५० लाख किंवा त्यावर किंमत असल्यामुळे १ टक्का टीडीएस खरेदीदाराने कापायचा. तो जादा खर्च नाही. बिल्डरला द्यायच्या पैशातून कापून तुम्ही आयकर खात्यात भरायचा, प्रत्येक हप्त्याला. पार्किंग, क्लब, आगाऊ मेंटेनन्स ही रक्कमसुद्धा मोबदल्यात धरली जाते. लोक शेवटी एकदम भरू म्हणतात आणि व्याज, विलंब शुल्क दोन्ही भरत बसतात.

आता कागदांमधले शब्द.

'सीसी' म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. ते किती मजल्यांपर्यंत आहे ते वाचा. इमारत १४ मजल्यांची विकायला काढली आणि सीसी १०व्यापर्यंतच, तर तुमचा ११वा मजला सध्या कागदावर नाही. 'ओसी' म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. 'पार्ट ओसी' काही मजल्यांपुरती किंवा काही इमारतींपुरती असते. 'फिट-आउट पझेशन' हा शब्द दिसला तर थांबा: भोगवटा प्रमाणपत्राआधी फर्निचर करायला किल्ली देतो, असा त्याचा अर्थ. किल्ली घेतली की मेंटेनन्स सुरू, राहिलेले हप्ते दिलेले, आणि राहायला परवानगी नाही.

'साठेखत' किंवा अॅग्रीमेंट टू सेल आणि 'खरेदीखत' हे दोन वेगळे दस्त. बिल्डरकडून नव्या घराचा नोंदवायचा तो विक्रीचा करारनामा. नोंदणी न करता १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला रेरा कायद्याने मनाई आहे. तुमच्या बाबतीत ७,२०,०००. नोंदणी झाल्यावर मिळतो तो 'इंडेक्स टू' म्हणजे सूची क्रमांक २. बँक, सोसायटी, वीज कंपनी सगळे तोच मागतात.

'कन्व्हेयन्स' म्हणजे जमीन आणि इमारत बिल्डरच्या नावावरून सोसायटीच्या नावावर होणं. बेंगळुरूकडचे नातेवाईक 'यूडीएस किती मिळाला?' विचारतील. तिकडे प्रत्येक फ्लॅटला जमिनीचा अविभक्त हिस्सा लिहून देतात. आपल्याकडे सोसायटी झाली की जमीन सोसायटीला जाते, सभासदाच्या करारात असा हिस्सा शोधू नका. सोसायटी नोंदवायचा अर्ज ५१ टक्के घरांचं बुकिंग झाल्यापासून तीन महिन्यांत बिल्डरने करायचा असतो. 'सोसायटी फॉर्मेशन चार्जेस' त्याचेच.

बघू_पुढे

एवढी कीस काढून कोण घर घेतं? सगळेच बिल्डर सेलेबलवर दर सांगतात, एकूण रक्कम पटली की झालं. कार्पेट थोडंफार इकडेतिकडे व्हायचंच.

फूटपट्टी

थोडंफार म्हणजे किती, तेही लिहिलेलं आहे. महारेराच्या नमुना करारनाम्यात कार्पेटमधला फरक ३ टक्क्यांपर्यंत चालतो. वरच्या घरात ३ टक्के म्हणजे १.७५ चौ. मी., जवळजवळ १९ चौ. फूट, आणि पैशात २,१६,०००. या मर्यादेत कार्पेट कमी भरलं तरी तेवढ्या घटीचे पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत. पण हे सगळं कार्पेटच्या आकड्यावर चालतं. भांडण झालं तर सेलेबल ९९० चा कागद दाखवून उपयोग नाही.

एक मात्र मान्य: एकूण रक्कम बघा हे बरोबर. फक्त 'एकूण' मध्ये काय काय ते आधी ठरवा. या घराची ७२ लाख + ३.६० जीएसटी + ५.०४ स्टॅम्प म्हणजे ८०.६४ लाख झाले, आणि त्यात नोंदणी फी, मेंटेनन्स, लीगल अजून आलेच नाहीत.

नवखा_खरेदीदार

'जी+२पी+१४' आणि पार्किंगचं राहिलं. शिवाय हप्ते बांधकामाप्रमाणे द्यायचे आहेत, स्लॅबमागे किती हे ते ठरवतील म्हणाले.

कागद_आधी

ते ठरवतील, पण मर्यादेत. नमुना करारनाम्यात टप्प्याटप्प्याने एकूण किती घेता येतं ते दिलंय: करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोतं पूर्ण झाल्यावर ४५ (तुमचे ३२.४० लाख), सगळे स्लॅब झाल्यावर ७० (५०.४० लाख), आतल्या भिंती, गिलावा, फरशा, दारं-खिडक्या झाल्यावर ७५, जिना-लॉबी आणि सॅनिटरी सामान झाल्यावर ८०, बाहेरचं प्लंबिंग आणि गिलावा झाल्यावर ८५, लिफ्ट-पंप-वीज झाल्यावर ९५. उरलेले ५ टक्के, म्हणजे ३.६० लाख, भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा देताना. हे शेवटचे ५ टक्के आधी देऊ नका. स्नॅगिंगची यादी, म्हणजे हलणारी फरशी, न बसणारी खिडकी, उलटा उतार वगैरे, दुरुस्त करून घ्यायला हातात तेवढंच असतं.

ओळंबा

'जी+२पी+१४' चं सरळ वाचन: तळमजला, त्यावर पार्किंगचे दोन पोडियम, त्यावर राहण्याचे १४ मजले. म्हणजे तुमचा '११वा' जमिनीपासून मोजला तर १३वा. फ्लोअर राइज कुठून मोजतात हे विचारायचं कारण तेच. पत्रकात फक्त 'पी+१४' असेल तर तळाला स्टिल्ट, म्हणजे खांबांवर उभी मोकळी जागा.

पार्किंगबद्दल: स्टिल्टमधली उघडी जागा गॅरेज म्हणून वेगळी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं. मोकळ्या आवारातल्या पार्किंगचे पैसे महारेरा घेऊ देत नाही. आच्छादित पार्किंग देता येतं, पण २०२४ पासून त्याची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा करारनाम्याच्या परिशिष्टात लिहावी लागते. 'वन कव्हर्ड पार्किंग' एवढ्यावर सही करू नका. खांबांमधलं मोकळं अंतर मोजून घ्या. २.५ बाय ५ मीटर मिळत असतील तर ठीक. एका बाजूला खांब आणि दुसऱ्या बाजूला भिंत असेल तर २.५ मीटरमध्ये गाडी बसते, पण चालकाचं दार अर्धंच उघडतं.

'टँडम' म्हणजे एकामागे एक दोन गाड्या. त्या दोन्ही एकाच घराच्या असतील तरच घ्या. 'स्टॅक' किंवा 'पझल' म्हणजे यंत्राने वर चढवायचं पार्किंग: वजनाची आणि उंचीची मर्यादा लेखी घ्या, कारण वर कॅरिअर असलेली उंच एसयूव्ही तिथे जात नाही. त्या यंत्राची वार्षिक देखभाल पुढे सोसायटीच्या माथी येते.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं: चेक देण्याआधी एक मेल टाका आणि उत्तर मेलवरच घ्या. महारेरा नोंदणी क्रमांक, मंजूर नकाशातला तुमच्या घराचा तुकडा, सीसी किती मजल्यांची, महारेरावर नोंदवलेली पूर्णत्वाची तारीख, 'प्रोव्हिजन' असलेल्या प्रत्येक गोष्टीत काय-काय बसवून मिळणार, आणि पार्किंगचा क्रमांक मापासह. 'ते अॅग्रीमेंटच्या वेळी देऊ' असं उत्तर आलं तर अॅग्रीमेंटचा मसुदाच आधी मागा.